लेणी पाहायला निघा, पण तेरणेकाठावरून

लेणी पाहायची ठरली की आपल्याकडची गाडी थेट अजिंठ्याला निघते. सास्तूर, लोहारा, माकणी, उमरग्याकडची मंडळी रात्रभराच्या प्रवासानं शिणून तिथं पोचतात, तीस लेण्यांसमोरून भराभर चालतात आणि दुपारी वेरूळ गाठायच्या घाईत खाली उतरतात. घरी आल्यावर विचारलं तर म्हणतात, ‘सगळी सारखीच दिसली.’ अजिंठा हा या कलेचा कळस आहे, आणि पाया न पाहता कळसाखाली उभं राहिलं की असंच होतं. त्यातून आपल्या भागाचं नशीब असं, की पाया आपल्याच जिल्ह्यात आहे. म्हणून माझं सांगणं एवढंच: पहिली फेरी तेरची करा, दुसरी खरोशाची आणि धाराशिवच्या लेण्यांची, आणि मग अजिंठा-वेरूळ. हा क्रम पाळलात तर त्याच अजिंठ्यात दुप्पट दिसेल.

माकणीच्या धरणात जी तेरणा अडते, तिच्याच वरच्या अंगाला तेर आहे. बहुतेकांना ते गोरोबाकाकांचं गाव म्हणून माहीत असतं. दर्शन घ्याच, पण तेवढ्यावर परत फिरू नका. हेच गाव म्हणजे प्राचीन तगर. ‘पेरिप्लस’ या जुन्या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर असल्याची नोंद आहे. तिथला माल गाड्यांतून, नीट रस्ता नसलेल्या मुलखातून, भडोचच्या बंदरापर्यंत जाई असंही त्यात म्हटलं आहे. तगर म्हणजेच तेर, ही ओळख फ्लीट यांनी १९०१ साली मांडली. त्यापाठोपाठ हेन्री कझिन्स यांनी इथल्या जुन्या वास्तूंची पाहणी करून त्यांवर लिहिलं.

त्या वास्तूंपैकी त्रिविक्रमाचं मंदिर आपल्या कामाचं आहे. समोरचा मंडप बाजूला ठेवा आणि वळसा घालून मागच्या अंगाला जा. गाभाऱ्याची मागची भिंत सरळ नाही, अर्धगोल आहे. वरचं छप्परही हत्तीच्या पाठीसारखं फुगीर आहे. बांधकाम विटांचं. ही मुळात बौद्ध चैत्यगृहाची रचना आहे, असं मत कझिन्सपासून अनेक अभ्यासकांनी मांडलं आहे. अशी बांधीव वास्तू छपरासकट उभी राहिल्याची उदाहरणं भारतात फार थोडी आहेत. आंध्रातल्या चेझर्ल्याचं कपोतेश्वर मंदिर हे त्यांतलं दुसरं प्रसिद्ध उदाहरण.

याचा लेण्यांशी संबंध सांगतो. लेणी कोरणाऱ्यांनी डोंगरात नवा आकार शोधला नव्हता. त्यांच्या गावोगावी लाकडाची आणि विटांची जी चैत्यगृहं होती, तीच त्यांनी दगडात उतरवली. लाकूड कुजलं, विटा लोकांनी उचलून नेल्या, आणि डोंगरातल्या प्रती तेवढ्या मागं राहिल्या. तेरला मूळ धर्तीची बांधीव वास्तू दिसते. ती पाहून भाज्याच्या लेण्यांना गेलात, तर दगडी छताला लाकडी फासळ्या कशासाठी बसवल्या आहेत हा प्रश्न पडत नाही. दगडाला त्या आधाराची गरज नव्हती. लाकडी इमारतीची सवय हातात होती, म्हणून त्या आल्या.

तेरमध्ये रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभं राहिलेलं शासकीय वस्तुसंग्रहालय आहे. तिथं किमान दीड-दोन तास ठेवा. सातवाहन काळातल्या मातीच्या मूर्ती, मणी, शंखाच्या वस्तू आणि हस्तिदंताची छोटी स्त्रीमूर्ती पाहा. इटलीत पॉम्पेईच्या ढिगाऱ्यात १९३८ साली अशीच एक हस्तिदंती मूर्ती मिळाली. ती भारतातूनच गेलेली असणार, आणि तिच्याशी जुळणाऱ्या मूर्ती तेर आणि भोकरदनला सापडल्यामुळे अभ्यासकांची नजर आपल्याकडे वळली. लेण्यांना पैसा कुठून आला असेल, याचं उत्तर या काचेच्या कपाटांत आहे: व्यापारी आणि कारागीर, त्यांच्या गाड्या आणि त्यांचे तांडे.

दुसरी फेरी जवळची. सास्तूरहून औसा तालुक्यात शिरून किल्लारी ओलांडली की निलंग्याच्या वाटेवर खरोसा लागतं. साधारण सहाव्या शतकातली ही लेणी जांभ्यासारख्या खडकात कोरलेली आहेत, अजिंठ्यासारख्या काळ्या कातळात नव्हे. हा दगड भुसभुशीत, भोकाभोकांचा. त्यात बारीक नक्षी टिकत नाही. मूर्ती झिजलेल्या दिसल्या तर नाराज होऊ नका, त्या दगडाचा तो स्वभावच आहे. इथं शिव आहे, नरसिंह आहे, कार्तिकेय आहे, आणि एका लेण्यात बसलेली बुद्धमूर्तीही आहे. एकाच टेकडीवर हे सगळं असल्यानं, मूर्ती ओळखायला शिकण्यासाठी खरोशासारखी जागा नाही.

धाराशिव शहराजवळ बालाघाटाच्या डोंगरातली लेणीही तशीच शिकवणारी. हा सात लेण्यांचा समूह आहे. दोन क्रमांकाचं लेणं सर्वांत मोठं: मध्ये खांबांचं सभागृह, तीन बाजूंनी खोल्या, समोर गाभारा. हा आराखडा अजिंठ्याच्या विहारांशी इतका जुळतो, की मूळ लेणी बौद्ध होती आणि पुढं जैनांकडे आली असं अनेकांनी मानलं. ती पहिल्यापासून जैनच होती असं मानणारेही अभ्यासक आहेत. वाद संपलेला नाही. आज गाभाऱ्यात पार्श्वनाथ आहेत, जैन बांधव तिथं पूजेला येतात, आणि पाहुणा म्हणून आपण ते लक्षात ठेवूनच आत जायचं. ‘हे खरं आमचं’ असं मोठ्या आवाजात सांगणारा एक जण जवळजवळ प्रत्येक गटात असतो. त्याला आवर घाला.

बुद्ध की तीर्थंकर, हे ओळखायची साधी रीत सांगतो, कारण इथंच सर्वांत जास्त गल्लत होते. दोघंही मांडी घालून बसलेले, दोघांचेही कान लांब, केस कुरळे. आधी अंगावर चीवर आहे का ते पाहा: खांद्यावरून गेलेली वस्त्राची कड, मनगटाशी किंवा घोट्याशी दिसणारी रेघ. ती असेल तर बुद्ध. मग हात पाहा. तीर्थंकर बसलेले असले की हात मांडीवर एकावर एक, ध्यानात. बुद्धाचे हात वेगवेगळं बोलतात: एक हात जमिनीकडे, किंवा अभय देणारा, किंवा दोन्ही हात छातीशी आणून धर्मचक्र फिरवणारे. बैठकीखाली चक्र आणि दोन हरणं दिसली तर सारनाथचं पहिलं प्रवचन. डोक्यावर नागाचा फणा असेल तर आपल्या भागात बहुधा पार्श्वनाथच. खुर्चीवर बसावं तसे पाय खाली सोडून बसलेला दिसला, तर तो बुद्ध. वेरूळच्या दहाव्या लेण्यात, ज्याला लोक सुतार लेणं म्हणतात, असा बुद्ध स्तूपाच्या पुढ्यात बसला आहे.

इथं आपल्या गावांपुरती एक गोष्ट लिहायलाच हवी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, विसर्जनाची रात्र संपता संपता, सास्तूर-किल्लारीच्या पट्ट्यात भूकंपानं जे झालं ते ज्यांनी सोसलं, त्यांतली कित्येक माणसं आजही दगडाच्या छताखाली जायला कचरतात. माझ्या मते लेणी पाहायला वडीलधाऱ्यांना नेताना याचा विचार पहिल्यांदा व्हावा. त्यांना आग्रह करू नका, हसू नका. ओसरीत बसू द्या. लेण्याची ओसरी हा काही कमी महत्त्वाचा भाग नाही. आणि जमलं तर त्यांना फरक समजावून सांगा. आपली माळवदाची घरं रचलेल्या दगडांची होती, दगड मातीत बसवलेले, भिंती जाड आणि वर मातीचं ओझं. हादरा बसला तशा त्या भिंती उसवल्या आणि सगळं आत आलं. लेण्यात दगडावर दगड ठेवलेलाच नाही. ते बांधलेलं नसून एकाच अखंड कातळातून नको तेवढा दगड काढून मोकळं केलेलं आहे. याचा अर्थ लेणं अभंग असतं असा नाही. कातळाला भेगा असतात, पाणी मुरतं, पिंपळाची मुळं शिरतात, पितळखोऱ्याच्या लेण्यांत तर दर्शनी भागच्या भाग कोसळले आहेत. म्हणून जिथं अडसर लावला आहे तिथं पलीकडे जायचं नाही, आणि पावसाळ्यात सुट्या दरडीखाली जेवायला बसायचं नाही.

आता लेणं पाहायचं कसं. दोनच प्रकार मनात ठेवा. चैत्यगृह म्हणजे प्रार्थनेची जागा: लांबट दालन, मागचा भाग अर्धगोल, तिथं स्तूप, दोन्ही कडांना खांबांच्या रांगा आणि दारावर पिंपळपानासारखी मोठी कमान. विहार म्हणजे राहण्याची जागा: मध्ये चौकोनी दालन, भोवती भिक्खूंच्या खोल्या. स्तूपाला उजवी घालून फिरायचं, आपण देवळात फिरतो तसंच. खोलीत शिरलात तर दगडी ओटा शोधा, तो झोपायचा. दाराच्या चौकटीत खाचा दिसतील, तिथं लाकडी दार बसत होतं. भिंतीतला कोनाडा दिव्याचा. बाहेर आलात की पाण्याचं टाकं पाहा. शिलालेखांत त्याला ‘पोढी’ म्हणतात. डोंगरावरचं पाणी छोट्या पाटांनी टाक्यांत वळवलेलं असतं. पितळखोऱ्याला पायऱ्यांच्या कडेनं येणारं पाणी नागाच्या फण्यांतून बाहेर काढलं आहे. दुष्काळी मुलखात वाढलेल्या माणसाला या टाक्यांसमोर उभं राहिल्यावर काय वाटतं, ते मी सांगायला नको. बहुतेक पाहुणे त्यांच्याकडे पाहतही नाहीत.

मूर्ती नाही म्हणून लेणं रिकामं समजू नका. जुन्या काळात, इसवी सनाच्या आधीच्या आणि लगतच्या शतकांत, बुद्धाची मूर्ती कोरत नसत. स्तूप, बोधिवृक्ष, चक्र, पाऊलखुणा यांतूनच तो असे. भाजे, बेडसे, कार्ले, पितळखोरा, अजिंठ्याचं नऊ आणि दहा ही त्या घडणीची लेणी. मूर्ती पुढं आली.

अपुरी राहिलेली लेणी तर चुकवूच नका. अजिंठ्याचं चोविसावं अर्धवट आहे. तिथं काम छताकडून खाली येत गेलेलं दिसतं. आधी वरचा भाग पोखरायचा, मग खाली उतरायचं, म्हणजे परांचीची गरज पडत नाही. खांबांचे नुसते चौकोनी ठोकळे उभे आहेत, आणि छिन्नीचे घाव आजही मोजता येतील इतके स्पष्ट आहेत. पूर्ण लेण्यात घोटलेल्या भिंतीमागं लपलेलं काम इथं उघडं दिसतं. मुलांना सर्वांत जास्त आवडणारी जागाही हीच.

आणि शिलालेख. आपण त्यांच्यावरून नजर फिरवतो, कारण अक्षर ओळखीचं नसतं. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत, आणि ती आपल्या मराठीच्या इतकी जवळची की एकदा वाचायला शिकलं तर शब्द लागतात. निघण्याआधी आठ-दहा अक्षरं पाठ करा. ‘क’ म्हणजे अधिकची खूण, ‘र’ म्हणजे उभी रेघ, ‘न’ म्हणजे आडव्या रेघेवर उभी रेघ, ‘ठ’ म्हणजे वर्तुळ. काळानुसार वळणं बदलतात, तरी ‘दानं’ हा शब्द बहुतेक ठिकाणी शोधता येतो. आणि दान कोणी दिलं पाहा. पितळखोऱ्यात पैठणच्या मितदेव नावाच्या गंधिकाच्या, म्हणजे अत्तर-सुगंध विकणाऱ्याच्या घराण्याचं दान आहे. तिथल्याच यक्षाच्या मूर्तीवर ती घडवणाऱ्या कण्हदास नावाच्या सोनाराचं नाव आहे. कार्ल्याचं चैत्यगृह वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीनं पुरं केलं, आणि जंबुद्वीपातलं हे सर्वोत्तम शैलगृह असल्याचं त्यानं कोरूनही ठेवलं. मला ते वाक्य फार आवडतं, कारण तो खरंच बोलला.

नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या क्रमांकाला उषवदाताचा लेख आहे. त्यानं गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे कायमची ठेव ठेवली: २००० कार्षापण दरमहा एक टक्क्यानं, १००० पाऊण टक्क्यानं. मूळ रक्कम मोडायची नाही, व्याजच वापरायचं. पहिल्या ठेवीचं वर्षाचं व्याज होतं २४०, आणि त्यातून वीस भिक्खूंना वस्त्रासाठी प्रत्येकी बारा. हिशोब बरोबर जुळतो. शाळेच्या सहलीत मुलांना तिथंच बसवून हे गणित सोडवायला द्या.

आपल्याकडून दरवर्षी देवदर्शनाच्या गाड्या निघतात. त्यातच लेणी बसवता येतात, वेगळा खर्च नाही. अष्टविनायकाला गेलात तर लेण्याद्रीचा गणपती ज्या दालनात आहे ते सातवं लेणं मुळात बौद्ध विहार आहे. शेजारच्याच सहाव्या लेण्यात स्तूप असलेलं चैत्यगृह आहे, तिथं दहा मिनिटं थांबा. कार्ल्याला एकवीरा आईच्या देवळाला लागूनच चैत्यगृह आहे, आतून ३७-३८ मीटर लांब, देशातलं सर्वांत मोठं. चैत्राच्या जत्रेत मात्र तिथं पाऊल ठेवायला जागा नसते. कार्ले आणि भाजे पश्चिमेकडे तोंड करून आहेत, म्हणून दुपारनंतर जा, कमानीतून ऊन आत येतं. बेडसे पूर्वाभिमुख, तिथं सकाळ चांगली. घृष्णेश्वराला गेलात तर वेरूळ अगदी लगत आहे. त्र्यंबकेश्वराच्या वाटेवर नाशकात पांडवलेणी आहेत.

अजिंठ्याचं आता सांगतो. लेण्यांचे क्रमांक वयानुसार नाहीत, वाटेवर जसं येतं तसे दिले आहेत. म्हणून एकपासून सुरुवात करू नका. थेट नऊ आणि दहाला जा. ही सातवाहन काळाची. १८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला शिकारीच्या वेळी दिसलं ते दहावंच, आणि त्यानं तिथल्या खांबावर नाव ओरखडून ठेवलं. वारशाशी कसं वागू नये याचा तो धडा. मग एकोणीस आणि सव्वीसला जा. आकार तोच, पण स्तूपावर आता बुद्ध उभा किंवा बसलेला, आणि भिंतीभर मूर्ती. ही वाकाटक राजा हरिषेणाच्या काळची, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातली. सव्विसाव्यातल्या महापरिनिर्वाणाच्या सुमारे सात मीटर लांब बुद्धासमोर उभं राहून खालचे रडणारे शिष्य आणि वरचे आनंदलेले देव, दोन्ही पाहा. शेवटी एक, दोन, सोळा, सतरा, चित्रांसाठी. चित्रं मातीच्या गिलाव्यावर आहेत. गिलाव्यात भाताचा तूस, वनस्पतींचे धागे मिसळलेले, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि मग रंग. तुमच्या श्वासाची वाफही त्यांना बाधते, म्हणून आत गर्दी करायची नाही, आणि फ्लॅश बिलकूल नाही. अंधाराला डोळे सरावायला चार-पाच मिनिटं लागतात. तेवढं गप्प उभं राहिलात तर भिंतीतून माणसं हळूहळू पुढं येतात.

वेरूळला सगळे सोळावं कैलास पाहून परततात. बौद्ध लेणी एक ते बारा दक्षिण टोकाला आहेत; तिथं दहा आणि बारा तरी पाहाच. तीन मजल्यांच्या बाराव्याला तीन ताल म्हणतात. आणि छत्रपती संभाजीनगरमध्ये मुक्काम असेल तर बीबी का मकबऱ्यामागच्या डोंगरातली औरंगाबाद लेणी. सातव्या लेण्याच्या दारी अवलोकितेश्वर आठ भयांतून वाचवताना कोरला आहे: आग, चोराची तलवार, साखळदंड, बुडती नाव, सिंह, साप, पिसाळलेला हत्ती, मृत्यू. ही सगळी तांड्यानं फिरणाऱ्या व्यापाऱ्याची भयं आहेत. तगरहून भडोचला गाडी हाकणाऱ्यानं रात्री यांतलंच काहीतरी मनात आणलं असेल.

निघताना काय न्यायचं, ते थोडक्यात: बॅटरी (मोबाइलचा उजेड पुरत नाही), भरपूर पाणी, चढउताराला चालतील अशा आणि चटकन काढता येतील अशा चपला, धपाटे आणि शेंगाची चटणी. अत्तर आणि उग्र वासाचं तेल घरी ठेवा. डोंगरकड्यांना आग्या मोहोळं असतात. वास, धूर आणि आरडाओरड यांनी माशा उठतात आणि जीवावर बेततं. महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. श्रावणातले धबधबे सुंदर, पण पायऱ्या शेवाळलेल्या. एप्रिल-मेच्या आपल्याकडच्या उन्हात लेणी पाहायला जाणं म्हाताऱ्यांना आणि लेकरांना त्रासाचं.

कित्येक घरांसाठी लेणी ही पर्यटनाची नव्हे, वंदनेची जागा आहे. १९५६ नंतर ज्यांनी बाबासाहेबांमागोमाग धम्म स्वीकारला, त्यांची मुलंबाळं पांढऱ्या वस्त्रात इथं येतात, मेणबत्ती लावतात, त्रिशरण म्हणतात. ते चालू असेल तर बाजूला थांबा. स्तूपाला टेकून फोटो काढू नका, मूर्तीच्या मांडीवर लेकरू बसवू नका. नाव कोरणाऱ्याला तिथंच अडवा.

दिवसांचा हिशोब चुकवू नका. अजिंठा सोमवारी बंद असतो, वेरूळ मंगळवारी. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट नाही, तेव्हा मुलं घरी ठेवायला खर्चाचं कारण उरत नाही. लोहारा तालुक्यातल्या शिक्षकांना माझी विनंती आहे: यंदाची हिवाळी सहल तेर आणि खरोशाची काढा, एका दिवसात दोन्ही बसतात, आणि अजिंठा पुढच्या वर्षी ठेवा.